एक स्टॅक, दोन कोअर: शेड्युलरमधला बग सोडवताना

रिस्क-फाइव्ह प्रकारच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या एका छोट्या कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा तक्रार एवढीच होती: प्रोसेसरच्या एका कोअरवर व्यवस्थित चालतो, चार कोअर दिले की कधीतरी कोसळतो.

क्यूएमूमध्ये (प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) कोसळला की कारणाचा क्रमांक बहुतेकदा १२ यायचा, म्हणजे इन्स्ट्रक्शन पेज फॉल्ट: जिथून पुढची सूचना आणायची तो पत्ताच चुकीचा. परतीचा पत्ता बिघडून प्रोसेसर भलतीकडेच उडी मारत होता. शोधायला प्रिंट टाकला की बग गायब! प्रिंट लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतो, यूआर्ट या सिरियल पोर्टसाठी थांबतो, आणि तेवढ्यात सगळा वेळेचा हिशोब बदलतो. म्हणून प्रत्येक कोअरला वेगळा बफर दिला आणि त्यात फक्त वेळ, टास्कचा (चालणाऱ्या कामाचा) क्रमांक नि घटना लिहिली. नोंदी शेजारी ठेवल्यावर एकच टास्क एकाच वेळी दोन कोअरवर दिसला.

चूक यील्डमध्ये, म्हणजे टास्क आपणहून कोअर सोडतो त्या फंक्शनमध्ये होती. टास्क स्वतःला ‘रनेबल’ (चालवायला तयार) करायचा, लॉक सोडायचा आणि मग कॉन्टेक्स्ट स्विच करायचा, म्हणजे आपली रजिस्टरं (प्रोसेसरमधली चालू मूल्यं) जतन करून कोअर दुसऱ्याला द्यायचा. लॉक सुटल्यापासून रजिस्टर जतन होईपर्यंतच्या फटीत दुसरा कोअर त्याला जुन्याच रजिस्टरांसह उचलायचा. पहिला कोअर अजून त्याच स्टॅकवर (परतीचे पत्ते ठेवणाऱ्या मेमरीवर) उभा. खात्रीसाठी त्या फटीत मुद्दाम रिकामा लूप घातला. कर्नल बूट होताहोताच पडला. बग हातात आला तो खरा त्या क्षणी.

उपाय एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे तोच केला: टास्कचं लॉक धरूनच स्विच करायचं आणि ते शेड्युलरच्या (पुढचा टास्क निवडणाऱ्या भागाच्या) स्टॅकवर पोचल्यावर सोडायचं. (लिनक्स यासाठी ‘ऑन सीपीयू’ नावाचा फ्लॅग ठेवतो.) खरं काम त्यापुढचं. जुना टास्क यील्डमधून परतताना आपलं लॉक सोडतो; पहिल्यांदाच चालणारा नवा टास्क यील्डमधून परत येत नाही, त्यामुळे त्याचं लॉक सुटेना. ते त्याच्या सुरुवातीच्या फंक्शनमध्ये सोडलं. शिवाय लॉक घेण्याआधी इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारे इशारे) चालू होते का, याची नोंद कोअरपाशी असायची. टास्क दुसऱ्या कोअरवर जागा झाला की त्याला परक्याची नोंद मिळणार. ती नोंद टास्कची असते, कोअरची नव्हे, म्हणून स्विचआधी ती टास्कच्या स्टॅकवर ठेवून परतल्यावर नव्या कोअरवर लिहिली.

तो विलंबाचा लूप मी काढलेला नाही. डीबग बिल्डमध्ये प्रत्येक स्विचच्या अलीकडे-पलीकडे कमीजास्त लांबीचा विलंब राहू दिला आहे, आणि शेड्युलरमधला प्रत्येक बदल आधी त्यातून जातो.