खाजणात भरती परत आणताना

पहिल्या वर्षी आम्ही ५,००० कांदळं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतली एक जात, लावली. पुढच्या उन्हाळ्यात मोजायला गेलो तेव्हा ३१२ जिवंत होती. मी वही घेऊन गुडघाभर चिखलात उभी होते आणि मेलेल्या प्रत्येक रोपापुढे फुली मारत होते. तिसऱ्या रांगेनंतर फुल्या मारणं सोडलं आणि जिवंत रोपांपुढे टिंब द्यायला लागले. कमी तीच होती.

आमच्या गटात आम्ही सतरा जणी. बहुतेकींचा जन्म खाडीत शिंपल्या आणि खेकडे काढण्यात गेलेला. मी त्यातली नव्हे. लिहिणं आणि हिशेब जमतो म्हणून सचिवपद माझ्याकडे आलं. एका संस्थेनं निधी दिला, रोपं दिली, लावणीचा दिवस ठरवला आणि जागाही ठरवली, ती म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खाडीच्या तोंडाचा सपाट चिखल. तिथे कुणाची मालकी नाही, कुणाची हरकत नाही. लावणीच्या दिवशी गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी मला म्हणाल्या, "इथं झाड कधी नव्हतंच गं. इथं शिंपल्या असतात." कार्यक्रम सुरू झाला होता. मी ऐकलं आणि पुढच्या रांगेकडे वळले.

कांदळाची शेंग झाडावर लटकलेली असतानाच रुजते. तिला हिरवी, लांब काडी फुटते आणि ती काडी चिखलात टोचली की सरळ उभी राहते. लावायला इतकं सोपं दुसरं काही नाही, म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी हीच लावतात. पण त्या खालच्या चिखलावर दिवसातला बहुतेक वेळ पाणी असायचं. रोपाला श्वास घ्यायला उसंतच नव्हती. त्यात खडकाला चिकटतात तसले कवचवाले बारीक जीव खोडांना लगडले, त्या ओझ्यानं रोपं आडवी झाली आणि पहिल्या मोठ्या लाटांनी उपटून नेली.

आमचंच काहीतरी चुकलं, आम्ही निगा राखली नाही, असं काही महिने धरून चाललो होतो. मग फिलिपिन्समधल्या खारफुटीच्या अभ्यासक जर्गेन प्रिमावेरा यांचं लिखाण वाचनात आलं. २००८ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर आपल्या देशातल्या कित्येक वर्षांच्या लावणीचा आढावा घेतला. दीर्घकाळ जगलेल्या रोपांचं प्रमाण साधारण १० ते २० टक्केच निघालं. खारफुटीच्या मूळ जागांवर मत्स्यशेतीची तळी झाली, तिथे मालकीचे वाद. म्हणून लावणी सरकत गेली खालच्या मोकळ्या चिखलावर, जिथे खारफुटी कधी नव्हतीच. मी ते गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी मी बैठकीच्या इतिवृत्तात त्यांचं लावणीच्या दिवशीचं वाक्य मागाहून लिहून घेतलं, तारखेसकट.

मग झाड होतं तरी कुठे? मावशींनी बोट दाखवलं ते बांध घालून केलेल्या आणि कितीतरी वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कोळंबीच्या तळ्याकडे. तळाशी भेगाळलेली माती, वर मिठाचा पांढरा थर. "त्याच्याआधी हे खाजण होतं. तिवरं होती इथं, माझ्या डोक्याच्या वर." खाजण म्हणजे भरतीचं पाणी येतं-जातं अशी खाडीकाठची सखल जमीन, आणि तिवर ही खारफुटीचीच दुसरी जात. तिवरांचं बी दरवर्षी भरतीबरोबर बांधापर्यंत येत होतं आणि बाहेरच्या बाहेर सडत होतं. फ्लोरिडात खारफुटी परत आणण्याचं काम केलेल्या रॉबिन लुईस यांनी अनेक वर्षं हेच सांगितलं होतं, की आधी पाण्याचं येणंजाणं पूर्ववत करा, बी जवळपास असेल तर लावायची गरजही पडत नाही.

परवानगीला चौदा महिने लागले. तळं कागदावर ज्यांच्या नावावर होतं त्यांची संमती, मग कार्यालय, मग समिती. समितीची बैठक दर वेळी अशा वेळेला लागायची की ओहोटी असायची आणि आमच्या बायका खाडीत. एकदा तर तोंडावर विचारलं, "तुमच्याकडून पुरुष कोण येणार?" आम्ही लेखी मागणी केली की बैठक भरतीच्या वेळेला ठेवा, आणि सोबत महिन्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक जोडलं. दोनदा अर्ज गहाळ झाल्याचं सांगण्यात आलं. दोन्ही वेळा आमच्याकडे शिक्क्याची पोच होती. या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकीला एवढं कळकळीनं सांगेन की पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

समितीत शेवटी वजन पडलं ते सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांच्या २००९ च्या अभ्यासाचं. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशातल्या ४०० हून अधिक गावांत काय झालं ते त्यांनी तपासलं. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जिथे रुंद होता तिथे माणसं कमी दगावली होती. आमच्या एका तळ्यानं तेवढा रुंद पट्टा होणार नाही, हे मी तिथेच स्पष्ट केलं. भलती आशा दाखवून सही घेतली तर पहिल्या वादळात आमच्यावरचा विश्वास वाहून जाईल, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मोजणीचा खर्च झेपेना. तेव्हा गटातली एक जण, जी गवंड्याच्या हाताखाली काम करते, पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आली. घराची जोती समपातळीत आणायला वापरतात तीच. दोघी दोन टोकांना, प्रत्येकीच्या हातात खुणा केलेली काठी. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं, मग दोन्ही काठ्यांवरचे आकडे वाचायचे, फरक म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा. तिनं आधी नळी उन्हाकडे धरून टिचक्या मारून मारून बुडबुडे काढले. "एक बुडबुडा राहिला तरी नळी खोटं बोलते." आधी बांधाबाहेरच्या जिवंत तिवरांपाशी गेलो, सगळ्यांत खालचं झाड कुठल्या पातळीला आणि सगळ्यांत वरचं कुठल्या, ते टिपलं. मग तळ्याचा तळ मोजला. तळाचा बराचसा भाग त्या दोन आकड्यांच्या मधे बसला, फक्त एक कोपरा हातभर खोल निघाला. तिथे काही लावायचं नाही असं ठरलं. तळ्याच्या आकाराचा तो नकाशा आम्ही वहीच्या चार पानांवर काढला आणि पुढचं सगळं काम त्यावर केलं.

बांध कुठे फोडायचा हा खरा प्रश्न होता. कुठेही फोडला तर पाणी आत येतं, पण ओहोटीला बाहेर पडत नाही, साचतं, आणि साचलेल्या पाण्यात तिवर मरतं. जुन्या खाजणाचा चर जिथून जायचा तिथेच फोडायला हवा होता. मावशी अनवाणी तळ्यातून चालत गेल्या. जिथे माती पायाखाली मऊ लागली तिथे आम्ही मागून काठ्या रोवत गेलो. काठ्यांची ओळ वळणं घेत बांधाला दोन ठिकाणी भिडली. त्याच दोन जागा.

भांगाचे दिवस धरले, म्हणजे भरतीचं पाणी फार वर चढत नाही. पाच दिवस फावडी-घमेली चालली. मग उधाणाची वाट बघितली. अमावास्येनंतरच्या दुपारी गढूळ पाणी फेस घेऊन चरातून आत शिरलं. भेगांमध्ये पाणी उतरताना सगळ्या जमिनीतून बुडबुडे उठत होते, सबंध तळं बारीक आवाज करत होतं. आमच्यातल्या दोघी रडल्या. मीही.

पावसाळ्यात बी आलं. तिवराचं बी पावट्यासारखं, चपटं. पाण्यात वरची साल गळते आणि आत दुमडलेली दोन पानं उलगडतात. लांबच्या बाजूला बी पोचत नव्हतं, तेव्हा भरतीच्या रेषेवर साचलेलं बी टोपलीनं गोळा करून चढत्या पाण्यावर सोडलं. हातानं लावलेली फक्त २०० कांदळं, चराच्या काठाला.

पहिल्या वर्षी शेळ्यांनी कोवळा पाला फस्त केला. कुंपणाला पैसे नव्हते. शेळ्या ज्यांच्या, त्या बायका आमच्याच ओळखीच्या. त्यांच्याशी बसून बोललो, राखणीच्या पाळ्या लावल्या आणि राखणीची मजुरी त्यांनाच दिली. ही मजुरी निधीच्या अर्जात घालण्यासाठी मला फार भांडावं लागलं. रोपांना पैसे मिळतात, लावणीच्या दिवसाला मिळतात; पुढची तीन वर्षं चर मोकळा ठेवणाऱ्या आणि मोजणाऱ्या बायकांना मात्र 'स्वयंसेवक' म्हणतात. केनियातल्या गाझी उपसागराच्या काठची गावं २०१३ पासून ११७ हेक्टर खारफुटी राखून झाडांनी शोषलेल्या कार्बनचे क्रेडिट विकून पैसा उभा करतात आणि तो पाणी, शाळा यांवर लावतात. तेवढं मोठं काम आमचं नाही. पण राखण हे काम आहे आणि कामाला मजुरी असते, हे मी प्रत्येक अर्जात लिहिते.

बांध फोडून तीन वर्षं झाली. मीटरभराची बांबूची चौकट टाकून आम्ही ४० ठिकाणी मोजतो. यंदा ३१ चौकटींत तिवरं होती, काही माझ्या खांद्याला लागतात. पानावर बोट फिरवलं तर मिठाची कणी लागते. झाडांभोवती श्वासमुळं पेन्सिलींसारखी वर आली आहेत, त्यामुळे पाय जपून टाकावा लागतो. खोल कोपऱ्यात पाणीच आहे, तिथे बगळे येतात.

गेल्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला आम्ही सगळ्या जणी त्या पहिल्या वर्षीच्या चिखलावर गेलो. रोपांना आधाराला लावलेल्या काठ्या अजून तिथे रुतलेल्या होत्या, टोकं पायांना लागत होती. दुपारपर्यंत उपटून ढीग केला. मावशींनी हात धुतले नाहीत, टोपली ओढून घेतली आणि तिथेच शिंपल्या काढायला बसल्या.