बारा राशी-अक्षरं, अपडेट ७: घोड्याचा ङ

मंडळी, चिनी राशीचक्रातल्या बारा प्राण्यांची अक्षरं ब्रशने गिरवतेय, त्यातलं सातवं झालं एकदाचं, घोड्याचं (午). आठवड्यात होईल वाटलेलं कारण रेघा चारच, वर डावीकडे उतरणारी छोटी तिरपी, मग दोन आडव्या आणि शेवटी मधली उभी, पण महिना लागला आणि सगळा वेळ त्या उभ्या रेघेने खाल्ला. ती वरच्या आडवीच्या जराशी वर डोकावली की अक्षर घोड्याचं राहत नाही, बैलाचं होतं! आता ब्रश आडव्या रेघेवरच टेकवते, क्षणभर थांबते आणि मग खाली ओढते, गेल्या चार पानांत एकही बैल आलेला नाहीये.

खरा घोडा लिहायचा तर दहा रेघांचं वेगळंच अक्षर आहे, हे फक्त राशी, वेळ आणि दिशेसाठी. मूळ आकार मुसळाचा मानतात, आणि आजही मुसळ लिहिताना ह्याच अक्षराच्या बाजूला लाकडाचं चिन्ह लावतात.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो उच्चार. मँडरिनमध्ये वू, कोरियनमध्ये ओ, जपानीत गो (राशी म्हणून वाचताना उमा, म्हणजे घोडाच), व्हिएतनामीत ङॉ, आणि कँटोनीजमध्ये अख्खा उच्चार नुसता ङ्, स्वरच नाही. जुन्या चिनीत सुरुवातीला ङ होता, तो व्हिएतनाम आणि कँटनने जपला, जपानीत त्याचा ग झाला, मँडरिन आणि कोरियनमध्ये गळून गेला. शाळेत क ख ग घ नंतर आपण जो ङ पाठ केला आणि वाङ्मय सोडून फारसा कुठे लिहिलाच नाही तोच हा, त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीला ङ म्हणायचा सराव मला फार गोड वाटला.

ह्या अक्षराची वेळ म्हणजे सकाळी ११ ते दुपारी १, ऐन माध्यान्ह. म्हणून जपानीत माध्यान्हाआधीचं ते गोझेन आणि नंतरचं गोगो, कोरियनमध्ये ओजन आणि ओहू, चिनीत शांगवू आणि शियावू. घड्याळात रोज घोडा आहे आणि बोलणाऱ्यांच्या तो लक्षातही येत नसेल.

दुपार म्हणून तत्त्वही अग्नीच. साठ वर्षांच्या चक्रात ज्या घोड्याच्या वर्षाला जोडीचं तत्त्वही अग्नीच येतं ते वर्ष जपानीत हिनोएउमा, त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला भारी पडतात ही समजूत इतकी घट्ट होती की जपानमधले १९६५ चे सुमारे १८ लाख २४ हजार जन्म १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजारांवर आले. एका अक्षरापायी इतकं, वाचून मन खिन्न झालं. २०२६ हे पुन्हा तेच वर्ष.

दिशा दक्षिण. बीजिंगच्या राजवाड्याचा दक्षिण दरवाजा वूमेन, व्हिएतनाममधल्या ह्युएच्या राजवाड्याचा ङॉ मोन, दोन्हीकडे हेच अक्षर. आणि उंदराचं पहिलं अक्षर उत्तरेचं, म्हणून रेखावृत्ताला जपानीत म्हणतात शिगोसेन, उंदीर-घोडा-रेघ, उत्तरेहून दक्षिणेला. आपल्या खगोलशास्त्रात त्याला याम्योत्तर वृत्त म्हणतात, याम्य म्हणजे यमाची दिशा, दक्षिण! दोन्हीकडे शब्द दोन दिशा जोडूनच बनलाय, हे कळलं त्या रात्री मी दोन्ही अक्षरं एका पानावर लिहिली, उंदीर वर, घोडा खाली, मध्ये एक उभी रेघ. ते पान भिंतीवर लावलंय.

आठवं मेंढीचं, सोमवारपासून.