आमची वाटचाल : आधी नकाशा, मग फायरवॉल

२०११ साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आम्ही दोघा भावांनी सुरुवात केली, ती केबल ओढायच्या आणि कॅमेरे बसवायच्या कामांनी. आज आम्ही सातजण कारखान्यांच्या नेटवर्कची सुरक्षा आखून देतो. मधला रस्ता एका चुकीतून गेला, म्हणून तीच आधी सांगतो.

२०१५च्या दिवाळीआधी एका फाउंड्रीच्या मालकांना घरून टॅली बघायची होती. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय, ३३८९ पोर्टवर (नेटवर्कवरच्या त्या नंबरच्या दारावर) चालतं. आम्ही राउटरमधून तो पोर्ट थेट सर्व्हरकडे वळवून दिला. पाच मिनिटांचं काम. असे उघडे पोर्ट हुडकत जगभरातले प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात, हे आम्ही मनावर घेतलं नव्हतं. फेब्रुवारीत सकाळी आठला दिवाणजींचा फोन आला, "साहेब, एक फाइल उघडंना झालीया." गेलो तर सगळ्या फाइली कुलूपबंद, आणि त्या सोडवायला स्क्रीनवर बिटकॉइनची मागणी. बॅकअपची डिस्क सर्व्हरलाच जोडलेली, तीही गेली. दिवाणजींनी घरी नेलेल्या पेनड्राइव्हवर अकरा दिवसांपूर्वीचा डेटा होता, तेवढाच वाचला. मधली चलनं आणि बिलं आमची दोन पोरं त्यांच्या टेबलाशी बसून परत भरत होती. त्याचे पैसे आम्ही घेतले नाहीत. चूक आमची होती.

मग मी शिकायला बसलो. त्या फाउंड्रीत डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र), टॅली, भट्टीच्या पॅनेलचा कॉम्प्युटर आणि पाहुण्यांचं वायफाय, सगळं एकाच नेटवर्कवर होतं. वाड्याचा दिंडी दरवाजा कितीही भक्कम करा, आत एकाही खोलीला दार नसेल तर काय उपयोग?

तेव्हापासून पहिल्या भेटीत आम्ही काही विकत नाही. मोठा कागद पसरतो आणि कोणतं यंत्र कोणाशी बोलतं, कशासाठी बोलतं, ते लिहून काढतो. एका ठिकाणी भट्टीच्या पॅनेलमागे मशिनवाल्याने सर्व्हिससाठी ठेवलेला फोरजी राउटर सापडला. मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. नकाशा झाला की व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या खोल्या, पाडतो, मधे कोणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, बसवतो आणि त्यातला शेवटचा नियम कायम एकच ठेवतो: वर लिहिलेलं सोडून बाकी सगळं बंद.

१२ मे २०१७च्या शुक्रवारी वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस जगभर पसरला. त्याला अडवणारा विंडोजचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच आला होता, पण कारखान्यांच्या प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरचा (धातू तपासायच्या यंत्राचा) कॉम्प्युटर जुन्या विंडोज एक्सपीवर, त्याला तो नव्हता. मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही अपवाद म्हणून पॅच काढला. शनिवार-रविवार आम्ही गाडीवरून कारखाने फिरलो, पॅच टाकले आणि वॉनाक्राय ज्यातून शिरत होता तो ४४५ पोर्ट खोल्याखोल्यांमधून बंद केला.

२०२२ मध्ये सर्ट-इनचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, निर्देश आले: सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा, लॉग (यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस ठेवा, घड्याळं जुळवा. घड्याळांचं कलम मला फार मोलाचं वाटतं. डीव्हीआर चाळीस मिनिटं मागे आणि फायरवॉल पुढे असेल, तर कोण कधी आत आलं हे जुळवणार कसं?

ती फाउंड्री आजही आमच्याकडे आहे. गेल्या महिन्यात नव्या मशिनवाल्याने बाहेरून जोडणी मागितली, तेव्हा मालकांनी मला फोन लावायच्या आधीच त्याला विचारलं होतं, "कुठल्या मशिनपुरती, आणि किती वेळ?"