गोळ्यांची पुडी

आमच्या वेंगुर्ल्यात कुणाच्याही घरी जा, टीव्हीच्या बाजूला गोळ्यांचा डबा असतोच. कुठे मिठाईचा रिकामा खोका, कुठे पूर्वी चकल्या ठेवायचा स्टीलचा डबा. आत रबर लावलेल्या स्ट्रिपा, बहुतेक अर्ध्या कापलेल्या, आणि कात्री नेमकी एक्स्पायरीच्या तारखेवरून गेलेली. (एवढा अचूक नेम मेडिकलवाले कुठे शिकतात, कोण जाणे.) गोळ्यांना त्यांच्या नावाने कुणी ओळखत नाही. दाबाची, साखरेची, पोटाची चहाआधीची, ती धवी (म्हणजे पांढरी) बारकी. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, आणि मग दोन दिवस घरात संशयाचं वातावरण.

मुंबईच्या चाकरमान्यांना या डब्याची भारी धास्ती. फोन लागला की पहिला प्रश्न पावसाचा, दुसरा ‘गोळी घेतलंस मां?’

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीकडे हा प्रश्न मिटला आहे म्हणे. तिच्या सासूबाईंच्या महिनाभराच्या गोळ्या घरपोच येतात, त्याही लावून. एक छोटा खोका, त्यात पाकिटांची गुंडाळी. पुढचं पाकीट ओढायचं, फाडायचं, गिळायचं. पाकिटावर नाव, तारीख, वेळ आणि आत कोणकोणत्या गोळ्या आहेत ते छापलेलं. हा प्रकार तिथे घरोघरी पोचवला तो पिलपॅक या कंपनीने. औषधविक्रेत्याचा मुलगा टीजे पार्कर आणि इलियट कोहेन या दोघांनी २०१३ मध्ये ती सुरू केली आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली. जपानमध्ये तर औषधाच्या दुकानातच एका वेळच्या गोळ्या एका पाकिटात बांधून देतात, वर ‘न्याहारीनंतर’ असं छापून. यंत्रात प्रत्येक औषधाचा वेगळा कप्पा असतो, त्यातून मोजून गोळी खाली पडते, पाकीट गरम होऊन चिकटतं आणि फार्मासिस्ट ते तपासतो.

आम्हाला यात नवल वाटायचं तसं कारण नाही. आमच्या लहानपणी डॉक्टरांचा कंपाउंडर हेच करायचा. लाकडी खिडकीपलीकडे तो कागदाचे चौकोनी तुकडे ओळीने मांडायचा, प्रत्येकावर एक पांढरी, एक पिवळी आणि अर्धी कसलीतरी गोळी ठेवत जायचा. अर्धी करायला त्याच्याकडे ब्लेडचं पान होतं. मग अंगठ्याच्या एका दाबात पुडी मिटायची. ‘सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन दिवस, आंबट नको.’ आत काय आहे हे विचारायची पद्धत नव्हती, विचारलं तर कंपाउंडर असा बघायचा की बाटली तिथेच विसरून पोर बाहेर पडे. पाकिटावर औषधांची नावं छापलेली असणं, ही मला अमेरिकन पुडीतली खरी सुधारणा वाटते. बाकी सगळं आमच्या कंपाउंडरला येत होतं.

आता आपल्याकडेही काही शहरांत अशी सोय सुरू झाली आहे. ती कोकणात आली तर? पहिली अडचण हवेची. जूनपासून इथे काडेपेटी पेटत नाही, मीठ बरणीत पाझरतं, पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ पडतो. अशा हवेत गोळी मूळ वेष्टनातून काढून महिनाभर पातळ पाकिटात ठेवायची? टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी इथे घरटी एकजण तरी घेत असेल. ती ओल शोषते. मूळ औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की घ्यायच्या अगदी आधी ती वेष्टनातून बाहेर काढावी. रक्त पातळ ठेवणारी डॅबिगाट्रान ही कॅप्सूलही तिच्या मूळ बाटलीतून किंवा स्ट्रिपमधून हलवायची नसते. फिटसाठीच्या व्हॅलप्रोएटच्या गोळ्या तशाच, ओल धरणाऱ्या. म्हणजे पुडी बांधणाऱ्याला आधी कुठली गोळी पुडीत घालायची नाही, हे माहीत हवं. आणि वॉरफरिन घेणाऱ्याचं काय? रक्त तपासलं की डोस बदलतो, मग महिन्याची सगळी गुंडाळी उसवत बसा.

पण मला हवेपेक्षा मोठी अडचण दिसते ती माझ्या काकीची.

काकीला सकाळी न्याहारीच्या आधी साखरेची ग्लिमेपिराईड असते. ती घेतली आणि पोटात काही गेलं नाही, तर साखर उतरते, हात थरथरतात, घाम फुटतो. आता काकीचं पंचांग बघा. संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार. संकष्टीला ती चंद्रोदयानंतरच जेवते. पावसाळ्यात चंद्र दिसत नाही, म्हणून कालनिर्णयातली वेळ. ‘उपासाच्या दिवशी ती एक गोळी वगळा, बाकीच्या घ्या,’ असं तिला डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे. रोजच्या डब्यात हे सोपं. ती चष्मा कपाळावर चढवते, स्ट्रिप उजेडात धरते, दाबाची गोळी अंगठ्याने तळहातावर काढते आणि साखरेची स्ट्रिप डब्यात परत टाकत म्हणते, ‘आज माझो उपास, ही मी खावचंय नाय.’

पुडीत मात्र सगळ्या एकत्र. सकाळी आठ असं वर छापलेलं, आत तीन गोळ्या, त्यातल्या दोन पांढऱ्या. आठला काकी तुळशीपाशी असते, आणि गणपतीत तर नैवेद्य होऊन जेवायला तीन वाजतात. पाकीट बांधणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की उद्याचा दिवस आजच्यासारखा उजाडेल. ज्याला आठवतच नाही, दिसत नाही किंवा ज्याच्या घरी दिवसभर कुणी नाही, त्याने ही पाकिटं जरूर घ्यावीत, त्याच्यासाठी ती फार मोलाची आहेत. काकीची अडचण आठवणीची नाहीच. रोज सकाळी ती ठरवते, आणि बरोबर ठरवते.

तिच्यासाठी मी एक मधला मार्ग काढला होता. साखरेची गोळी स्ट्रिपमध्येच राहू द्यायची, टेल्मिसार्टनही, आणि उरलेल्यांच्या आठवड्यापुरत्याच पुड्या, त्याही आमच्या बाजारातल्या मेडिकलमध्ये बांधून घ्यायच्या. मेडिकलवाला आधीच पेनाने स्ट्रिपवर १-०-१ लिहून देतो, काकीचे उपासही त्याला ठाऊक आहेत, कारण त्याची बायको तेच उपास करते. दुपारी एक ते चार बाजार बंद असतो, त्या वेळात निवांत बसून बांधता येतील, असं मी त्याला सुचवलं.

‘त्या वेळाक मी झोपतंय,’ तो म्हणाला.