मी ‘सुंदर’ म्हणाले

शुक्रवार, रात्री साडेअकरा

चार दिवस झाले, तो शब्द डोक्यातून जात नाही. बोलले मीच. कुणी रागावलं नाही, कुणी लावून बोललं नाही. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी अल्बम मिटला, वर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता मी जरा पडते. एवढंच. मी जिना चढून वर आले, कुकर लावला आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिले. तेव्हापासून हे सुरू आहे.

अल्बम गेल्या शनिवारी मिळाला, इथे जर्मनीत, स्टुटगार्टला. कोपऱ्यावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलेलं होतं, त्यावर मार्करने ‘त्सु फेरशेंकन’, म्हणजे हवं त्याने घेऊन जावं. आत एक हातमिक्सर, लहान मुलांची कोडी, काचेचे पेले आणि तळाशी काळ्या पानांचा अल्बम. कुणाचं तरी घर रिकामं केलं असणार. मी तो काखेत घातला आणि घरी आणला. हा म्हणाला, दुसऱ्यांच्या घरातले फोटो कशाला आणतेस? मी उत्तर दिलं नाही. माझ्या माहेरी १२ जुलै १९६१ च्या आधीचा एकही फोटो नाही, हे त्याला माहीत आहे. पानशेत फुटलं तेव्हा आजी-आजोबा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर राहत होते. चिखलातून पाटा मिळाला, दोन पातेली मिळाली. फोटो मिळाले नाहीत. माझ्या आजीचा तरुणपणचा चेहरा मी पाहिलेलाच नाही. म्हणून असा रस्त्यावर टाकलेला अल्बम मला ओलांडून पुढे जाता येत नाही. हे त्याला नव्याने काय सांगायचं?

सुरुवातीची पानं कुणाच्याही घरची असावीत तशी आहेत. डोंगरावरची सहल, नाताळचं झाड, बर्फात उभी असलेली तीन मुलं. मग एका पानावर गणवेशातला एक पोरगेला तरुण, आणि मागच्या खिडकीतून लोंबणारा तो झेंडा. त्या पानावर मी थांबले नाही. त्याबद्दल लिहायला हवं, पण आज नको. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे, फोटो काढून घेतलेला आणि चारही कोपरे तसेच चिकटलेले. आणि पान उलटलं की एकदम शहर. पडलेलं शहर.

तेवीस फोटो आहेत. तळहाताएवढे, कडांना नागमोडी कातर दिलेली. पहिल्यांदा मला ओळखूच आलं नाही की हे स्टुटगार्ट आहे. छप्पर नसलेल्या घरांच्या रांगा, विटांच्या ढिगांमधून काढलेली पायवाट, वाकलेले ट्रामचे रूळ. मग तो फोटो आला. समोर पाणी, पाण्यापलीकडे चर्च, आणि चर्चच्या मनोऱ्याचं टोक नाही. मी उठून खिडकीशी गेले. खिडकीतून तोच मनोरा दिसतो. अकरा वर्षं बघते आहे मी तो, आणि अकरा वर्षं मला वाटत होतं की १८७६ साली बांधला तेव्हाच पैसे संपले असतील, राहिला असेल बोडका. योहानेसकिर्शं. दुसऱ्या महायुद्धात पडलं, मग चर्च पुन्हा उभं केलं, टोक मात्र मुद्दाम बांधलं नाही. आठवण राहावी म्हणून. अकरा वर्षांत कुणाला विचारावंसं वाटलं नाही मला.

आणि पाणी म्हणजे आपलं फॉयरसे. नावाचा अर्थच आगीचं तळं. गावात आग लागली तर पाणी हाताशी असावं म्हणून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला खणलेलं. मुलगा दीड वर्षाचा असल्यापासून आम्ही तिथे बदकं बघायला जातो.

फोटोत पाणी अगदी स्थिर आहे. फुटका मनोरा पाण्यात उलटा उभा आहे, वरच्यापेक्षा खालचा जास्त स्वच्छ. काठावरून एक बाई लाकडी हातगाडी ओढत चालली आहे. गाडीवर गादीची वळकटी, आणि वळकटीवर भिंतीवरचं घड्याळ दोरीने बांधलेलं. तिचा चेहरा दिसत नाही, डोक्याला रुमाल आहे. मागून ऊन येतंय. हवेत धूळ असणार, कारण उन्हाचे पट्टे वेगळे वेगळे दिसतात, माजघरात कवडशातून दिसायचे तसे. डाव्या कडेला एका घराची नुसती दर्शनी भिंत उरली आहे, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आकाश दिसतं. हे शेवटचं मी सोमवारपर्यंत नीट पाहिलंच नव्हतं.

फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं आहे, पण त्या जुन्या जर्मन वळणात. एक अक्षर लागलं नाही. शाळेत हे वळण शिकवणं १९४१ साली बंद झालं. आजोबांचे मोडीतले कागद घेऊन काका कुठे कुठे हिंडले होते, ते आठवलं. आपलंच घर, आपलीच माणसं, आणि वाचता कुणालाच येत नाही. मला वाटलं, खालच्या आजींना येत असेल. सोमवारी दुपारी केळ्याचं शिकरण घेऊन गेले, त्यांना आवडतं म्हणून, आणि अल्बमही नेला. खरं सांगायचं तर शिकरण निमित्त होतं. मला फोटो दाखवायचे होते.

मी पान उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘वी श्योन!’ किती सुंदर!

त्या माझ्या बोटाकडे बघतच नव्हत्या. मी चर्च दाखवत होते, त्या डावीकडच्या कडेला बघत होत्या. मग त्यांनी नखाने त्या आकाश दिसणाऱ्या खिडकीला हलकेच स्पर्श केला.

‘मंगळवार होता तो,’ त्या म्हणाल्या. ‘आईने चादरी धुतल्या होत्या. संध्याकाळपर्यंत वाळल्या नव्हत्या.’

आणि अल्बम मिटला.

मी नंतर कॅलेंडर काढून पाहिलं. १२ सप्टेंबर १९४४, मंगळवारच. त्या रात्री बॉम्ब पडले आणि शहराच्या मध्यावर आणि आमच्या ह्या पश्चिम भागात आगीचं वादळ उठलं. जवळजवळ हजार माणसं एका रात्रीत गेली. त्यांतली कितीतरी भाजून नाही, तळघरात बसल्या बसल्या आगीतून आलेल्या विषारी वायूने गेली. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. आईचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा अधिकार मी त्या एका शब्दात घालवून बसले होते.

त्या रात्रीपासून वाचत बसते आहे. शहर खोल वाटीत वसलंय, धुकं साठतं, त्यामुळे सुरुवातीला बॉम्ब टाकायला येणाऱ्या विमानांना ते नीट सापडायचं नाही. शिवाय उत्तरेला लाउफेन गावाजवळ खोटं स्टुटगार्ट उभारलं होतं, खोटं रेल्वे स्टेशन, खोटे दिवे, वरून बघणाऱ्याने तिथेच बॉम्ब टाकावेत म्हणून. म्हणजे ह्या शहराचे बॉम्ब लाउफेनच्या शेतकऱ्यांवर पडायचे. एकूण ५३ हल्ले झाले, साडेचार हजारांच्या वर माणसं मेली. आणि त्याच शहरातून १ डिसेंबर १९४१ ला हजारभर ज्यूंना गाडीत घालून लाटव्हियातल्या रिगाला पाठवलं, त्यांतले फार थोडे परत आले. ती गाडी सुटली त्या स्टेशनापाशी आता भिंत आहे, तिच्यावर नावं आहेत. अल्बममध्ये तो दिवस नाही. हेही मला आजींसमोर कधी बोलता आलं नसतं, आणि हेही मनात तसंच पडून आहे. आठ वर्षांच्या मुलीच्या ओल्या चादरींपुढे ते ठेवायचं कसं? आणि नाही ठेवायचं तर कुठे ठेवायचं?

पण पुन्हा पुन्हा मी येते ती त्या शब्दापाशीच. सुंदर का म्हणाले मी?

फोटो सुंदर होता म्हणून. खोटं नाही बोलले. ऊन तसं पडलं होतं, पाणी तसं थांबलं होतं. पण मी चर्च पाहिलं, पाणी पाहिलं, घड्याळसुद्धा पाहिलं, आणि घर पाहिलं नाही. जिथे माणसं राहत होती तीच जागा माझ्या नजरेतून सुटली. हे जास्त लागतंय. शब्द चुकला असता तर भाषेवर ढकलता आलं असतं. भाषा नाही चुकली. तो शब्द मला पहिल्या महिन्यात शिकवला होता.

अकरा वर्षं इथे राहून मी अजून पाहुण्यासारखी बघते. रविवारी बिर्केनकोफवर जातो आम्ही, डबा घेऊन. थालीपीठं, दही, वर गेल्यावर सगळं शहर दिसतं. तो डोंगर म्हणजे शहराचा ढिगारा आहे. १९५३ ते १९५७ अशी चार वर्षं ट्रक भरभरून राबिट वर नेलं, पंधरा लाख घनमीटर, आणि डोंगर चाळीस मीटरने उंच झाला. इथले लोक त्याला ‘मोंटे शेर्बेलिनो’ म्हणतात, खापऱ्यांचा डोंगर. माथ्यावर मोठमोठे घडीव दगड तसेच टाकलेले आहेत, खांबांचे तुकडे, कमानींची पानंफुलं. पाटी आहे : शहराच्या अवशेषांतून रचलेला हा डोंगर मृतांची आठवण आणि जिवंतांना इशारा म्हणून उभा आहे. मी ती पाटी वाचली होती. मुलाला वाचूनही दाखवली होती. आणि मग त्याच दगडांवर पंचा अंथरून आम्ही थालीपीठं खाल्ली. आजींच्या स्वयंपाकघराची भिंत तिथे नसेल कशावरून?

आईला फोन केला. ती म्हणाली, तू इतकी का लावून घेतेस, जाऊन माफी माग आणि मोकळी हो. तिला सांगावंसं वाटलं की आई, इथे माझं असं कोण आहे जिच्याकडे रागावलीस का म्हणून हक्काने जावं? त्या आजीच तर होत्या. सांगितलं नाही. तिचा गुडघा दुखतोय.

झोप येत नाही. अल्बम कपाटात ठेवलाय, स्वेटरांच्या खाली.

रविवार, संध्याकाळ

आज बिर्केनकोफला गेलो नाही. मुलगा कुरकुरला.

दुपारी बारीक बेल वाजली. दारात आजी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात भिंग. दोन मजले चढून आलेल्या, धाप लागलेली. ‘टाकला नाही ना तुम्ही तो?’

मी खुर्ची दिली, आल्याचा चहा टाकला. माफीची वाक्यं चार दिवस पाठ केली होती, तीन वाक्यं, व्याकरणासकट. पहिलं सुरू केलं तर त्यांनी हात वर केला. आधी वाचू, म्हणाल्या. त्या शाळेत गेल्या तोवर ते जुनं वळण बंद झालेलं, पण त्यांच्या आईची पत्रं त्याच वळणात. त्यामुळे सावकाश का होईना, लागतं.

त्यांनी स्वतःच तळ्याचा फोटो कोपऱ्यांतून सोडवला, उपडा केला आणि भिंग धरलं. मी श्वास धरून उभी. मला वाटत होतं, नाव असेल. कुणाचं तरी, त्या रात्री गेलेल्या कुणाचं. किंवा देवाचं काही. इतक्या दिवसांत मी त्या पेन्सिलीच्या ओळीत काय काय कल्पून ठेवलं होतं.

‘नऊ वाजता,’ आजींनी वाचलं. मग बराच वेळ गेला. ‘आठ. एक पन्नासांश.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याचे आकडे होते. झरोका किती उघडला, किती वेळ उघडला. माझ्या लग्नाआधी दादा वहीत लिहायचा तसे.

खाली अजून दोन शब्द होते. ते त्यांनी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा मोठ्याने.

‘लिश्ट गूट.’ उजेड चांगला.

असे फोटो काढायला तेव्हा परवानगी लागायची. तो जो कोणी होता, परवानगी घेऊन किंवा न घेता, विटांच्या ढिगात उभा राहिला, उजेड मोजला, आणि घरी जाऊन लिहून ठेवलं. त्याचं घर उरलं होतं की नाही कोण जाणे. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, पण पुसायला वळले नाही.

आजी काही वेळ फोटो उलटसुलट करत राहिल्या. मग सुलट ठेवला, ती खिडकी असलेली कड स्वतःकडे करून.

‘नऊला ऊन पाण्यावरून येतं,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या स्वयंपाकघरात यायचं. टेबलाच्या ह्या टोकापर्यंत.’ आणि माझ्या टेबलावर हाताने दाखवलं कुठपर्यंत.

माझी तीन वाक्यं माझ्याजवळच राहिली. आज काढली असती तर त्यांना थांबून ती ऐकावी लागली असती, आणि त्यांना थांबायचं नव्हतं. आणखी बावीस फोटो होते. त्यांनी चहाचा घोट घेतला, भिंग रुमालाने पुसलं आणि हात पुढे केला.

‘पुढचा द्या.’

मी नखाने कोपरा सोडवायला घेतला, जपून, कारण तो जुना डिंक लगेच तुटतो.