चार, तीन, दोन आणि एक ठिपका

आठवीत असताना गणिताच्या सरांनी चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक समभुज त्रिकोण आणला होता. कोपऱ्यांवर अ, ब, क. "फिरवा, उलटा करा, काय वाट्टेल ते करा, पण परत त्याच जागी चपखल बसला पाहिजे. किती तऱ्हा?" अर्धा तास भांडून आम्ही सहावर आलो. मग सरांनी तो आधी फिरवून उलटवला, नंतर आधी उलटवून फिरवला. कोपरे वेगळेच आले! पण दोन्ही वेळा त्या सहांपैकीच एक तऱ्हा निघाली. "सहांच्या बाहेर पडून दाखवा," म्हणाले आणि फळा पुसला. परीक्षेत येणार नव्हतं, त्यामुळे वहीत उतरवण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. मीही नाही.

एकापाठोपाठ एक केल्या तरी आपल्याबाहेर न पडणाऱ्या अशा तऱ्हांच्या संचाला 'गट' म्हणतात हे एम.एस्सी.ला कळलं, तेही भौतिकशास्त्राच्या तासाला. 1960च्या सुमारास प्रयोगशाळांतून अणूहूनही लहान असे इतके नवे कण निघत होते की नुसती खोगीरभरती. 1961 मध्ये मरे गेल-मान आणि युवाल नेमान (हे गृहस्थ लंडनला आले होते लष्करी अधिकारी म्हणून!) यांनी ते स्वतंत्रपणे एसयू-3 नावाच्या, पुठ्ठ्याच्या त्रिकोणापेक्षा बऱ्याच मोठ्या गटाच्या साच्यात बसवले. त्यातलं एक कुटुंब बरोबर दहांचं: चारची ओळ, खाली तीन, मग दोन, मग एक. बाईंनी फळ्यावर काढलं आणि मला दिवाळीतलं आमचं अंगण दिसलं. तीन ओळी झाल्यावर शेवटचा ठिपका कुठे द्यायचा, हे काही शिकवावं लागत नाही.

कण नऊच सापडले होते. वस्तुमान ओळीगणिक साधारण दीडशेने चढत होतं: 1232, 1385, 1530 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). म्हणून 1962 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत गेल-मान यांनी दहावा सांगून टाकला: ऋण विद्युतभार, वस्तुमान 1680च्या आसपास. फेब्रुवारी 1964 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनमध्ये बबल चेंबरचे (द्रवात बुडबुड्यांच्या रेषांनी कणांचे माग दाखवणारी टाकी) हजारो फोटो डोळ्यांखालून घातल्यावर तो सापडला. ओमेगा-ऋण, तेव्हाच्या मोजणीत 1686.

त्यातून नवी भानगड निघाली ती वेगळीच. ओमेगात तीन अगदी एकसारखे क्वार्क (असे कण ज्यांचे बनतात ते आणखी छोटे घटक), तिघांचं स्पिन, म्हणजे अंगभूत गिरकी, एकाच दिशेला. असे दोन कण हुबेहूब एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउलीचा नियम; त्याला ते चालत नाही. सुटका म्हणून क्वार्कना तीन 'रंग' (नावापुरतेच, वेगळे ओळखू यावेत म्हणून) द्यावे लागले, आणि त्या रंगांचा गट पुन्हा एसयू-3च!

आता मी कॉलेजात हेच शिकवते. पहिल्या तासाला पुठ्ठा कापते. कात्री दरवर्षी कुणीतरी ढापतं.