पाच वेळा उठून दाखवा

डेंग्यूतून मी बरी झाले, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं. ताप नव्हता, प्लेटलेट्स वर आल्या होत्या. फक्त कमोडवरून उठायचं झालं की सुनेला हाक मारावी लागत होती.

माझं वय चौऱ्याहत्तर. डोंबिवलीत जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजारपणाआधी भाजी आणायला मी रोज खाली-वर करायचे. धाप लागायची, पण करायचे. हॉस्पिटलात मात्र पलंगाचे दोन्ही कठडे कायम वर, हाताला सलाइन, आणि पाय खाली टाकला की लगेच, "आजी, उठू नका, पडाल!" पडले नाही हे खरं. पण घरी आले तेव्हा हातातल्या बांगड्या सुळकन कोपराकडे सरकत होत्या, आणि कुकरचं झाकण काही केल्या फिरत नव्हतं.

घरी सगळ्यांनी प्रेमाने उरलंसुरलं कामही काढून घेतलं. पाण्याचा तांब्या हातात, ताट पलंगावर. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणायचा आणि "आता फक्त आराम करा हं" असं बजावून जायचा. एका भाच्याने प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा आणला. मी आराम करत गेले आणि अधिकच गळत गेले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वजन केलं. वर्षभरात पाच किलो उतरलं होतं. त्यांनी आपली दोन बोटं माझ्या मुठीत दिली आणि म्हणाले, "दाबा." मी दाबली. "दाबा ना काकू." मी दाबतच होते! मग दारापर्यंत चालायला लावलं. आपोआप उतरलेलं वजन, सततचा थकवा, मुठीत जोर नसणं, मंदावलेली चाल आणि एकूणच कमी झालेली हालचाल, या पाचांतल्या तीन गोष्टी असल्या की त्याला फ्रेलिटी, म्हणजे म्हातारपणचा दुबळेपणा, म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ही मोजपट्टी मांडली. माझ्यात पाचही होत्या. थायरॉइड, बी-१२, साखर वगैरे तपासून झालं, कारण वजन असं उतरतं तेव्हा दुसरं काही दडलेलं नाही ना ते बघावं लागतं. तसं काही निघालं नाही. "आता गोळी नाही, फिजिओ," म्हणाले.

फिजिओ म्हणजे माझ्या नातीच्या वयाची मुलगी. पाठीवर सॅक, आणि आल्या आल्या फॅन बंद करून माझं बीपी आधी झोपवून आणि मग उभं करून मोजलं, उठल्यावर चक्कर येते का ते बघायला. मग मूठ दाबायचं यंत्र काढलं. काटा १३ किलोवर थांबला. आशियाई बायकांसाठी १८ च्या खाली म्हणजे कमकुवत. पुढे खुर्ची. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमी पडताहेत असं समजतात. मी एकदाच उठू शकले. दुसऱ्यांदा खुर्चीचा हात धरला, तर म्हणे तो चालत नाही.

मला वाटलं होतं, आता ही मान फिरवा, बोटं उघडमीट करा असलं काहीतरी शिकवेल. तिने तर घोट्यांना वजनाचे पट्टे बांधले. अर्ध्या अर्ध्या किलोचे. पेपर बाजूला ठेवून आमचे हे म्हणाले, "अहो, तिला धड चालवत नाही, आणि वजनं कसली बांधताय?" ती हसली आणि बोस्टनची गोष्ट सांगितली. १९९० साली तिथल्या वृद्धांच्या संस्थेत मारिया फियातारोन या डॉक्टरबाईंनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त लोकांकडून आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. चांगलं जड वजन. एक जण मधेच थांबला. उरलेल्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये त्यांनीच शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना व्यायाम, काहींना नुसतं पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. नुसत्या पेयाने ना ताकद वाढली ना चाल सुधारली. मी भाच्याच्या डब्याकडे बघितलं.

हॉस्पिटलात माझं काय झालं तेही तिच्याकडूनच कळलं. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम दहा दिवस पलंगावर ठेवून पाहिलं, तर पायांचं जवळजवळ किलोभर मांस गेलं होतं. मी तर आजारी होते.

व्यायाम दिसायला फार साधा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवायची, त्यावर सतरंजीची जाड घडी. बसणं उंच असलं की उठणं सोपं जातं. पाय जरा मागे, नाक पायांच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं, आणि श्वास सोडत उठायचं. श्वास कोंडायचा नाही. म्हणून ती मोठ्याने आकडे म्हणायला लावायची. जमायला लागलं तशी घडी एकेक पदर कमी झाली. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पट्टे बांधून खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा सरळ करायचा. आणि तोल सांभाळायला पॅसेजमधल्या फरशीच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत चालायचं, एक हात भिंतीजवळ. हा प्रकार मला सगळ्यात अवघड गेला, आणि भीतीही याचीच वाटायची.

तिचा एक नियम मला फार पटला. दहा वेळांतल्या शेवटच्या दोन जड गेल्या पाहिजेत. दहाही वेळा गप्पा मारत झाल्या तर वजन वाढवायचं. ह्यांचं म्हणणं, फडके रोडपर्यंत रोज चक्कर मारली की पुरे. चालणं हवंच. पण सपाट रस्त्यावर फिरून मांडीत जिना चढण्याइतका जोर येत नाही, हे मी आता स्वतःच्या पायांवरून सांगते. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा पासष्टीपुढच्यांना चालण्याबरोबर तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करा म्हणते.

खाण्याचं मात्र मी मनावर घेतलं. आमच्याकडचं वरण म्हणजे हळदीचं पाणी. किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं हवीत म्हणजे मला पंचेचाळीस-पन्नास, आणि ती दिवसभरात विभागून. किडनी धड आहे ना, हे डॉक्टरांना विचारूनच. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, जेवणात घट्ट वरण आणि उसळ, संध्याकाळी पनीर नाहीतर दाणे. डबाही संपवला, व्यायामाला जोड म्हणून.

खरी झटापट घरच्यांशी होती. सून गुणी आहे, पण हातातून परात ओढून घ्यायची. "आई, तुम्ही बसा." शेवटी मी फिजिओला म्हटलं, व्यायामाच्या कागदावर लिहूनच दे. तिने लिहिलं: कणीक मळणे, फडकी पिळणे, डबे वरच्या फळीवर ठेवणे (स्टूल नाही), दिवसातून एकदा जिना. डॉक्टरी कागदावर आलं म्हटल्यावर परात मला परत मिळाली. पोळ्या आधी जाड व्हायच्या, कुणी काही बोललं नाही.

दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत सगळं बंद पडलं. नंतर बसले तर आधीचा पट्टा जड लागला. एवढ्यात उतरते ही ताकद. त्यात डावा गुडघा सुजला, तेव्हा तिने खोल बसणं बंद करून बाकी चालू ठेवलं. माझी अपेक्षा होती सुट्टीची.

आता मूठ १७ वर आहे, म्हणजे अजून पास नाही. पण कुकर मीच उघडते. खुर्चीवरून पाच वेळा उठायला चौदा सेकंद लागतात. भाजीची पिशवी घेऊन वर येते, दुसऱ्या मजल्यावर टेकून. जमिनीवरून उठायचीही युक्ती आली. कुशीवर वळायचं, गुडघ्यांवर यायचं, पाटावर नाहीतर खुर्चीवर हात रोवून एक पाय पुढे. मांडी घालून पूजेला बसायचं माझं फार मनात होतं, ते जमतंय.

परवा ह्यांना म्हटलं, एकदा तुम्हीही पाच वेळा उठून दाखवा. सतरा सेकंद लागले. खुर्ची बुटकी आहे म्हणतात. मी सतरंजीची घडी घालून दिली, तर आता घड्याळ पुढे आहे म्हणतात. फिजिओ सोमवारी येणार आहे, मी तिला त्यांच्याही वेळेचं सांगून ठेवलंय.